अंगावर काढलेलं

सुलतानबी लग्न होऊन शिरूरहून वरवंडला आली आणि त्याच आठवड्यात तिला नाव पडलं. घडलं होतं एवढंच, की दुपारची वेळ होती, घरात पाव्हणे होते, पुरुषांची पंगत अजून बसायची होती आणि नवी सून चुलीपाशी भाकरी थापत होती. थापता थापता तिचे हात थांबले. ती उठली, ताटलीत एक भाकरी आणि कोरड्यास घेतलं, भिंतीला टेकून बसली आणि जेवायला लागली. सासू आत आली ती उंबऱ्यावरच थबकली. तिला घरातले सगळे अम्मा म्हणत.

"हे काय चाललंय?"

"भूक लागली अम्मा. डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली. खाते आन् राहिलेल्या करते."

पीठ संपलंय, असं सांगावं इतक्या साधेपणानं तिनं ते सांगितलं. लाज नाही, चोरटेपणा नाही. अम्मा आल्या पावली मागं फिरली. पण दिवस मावळायच्या आत गल्लीत झालं होतं की गनी मणियाराची बायको आपल्या जिवाची आहे.

आपल्या जिवाची. वरवंडात बाईला याहून वाईट शिवी क्वचितच असेल. कजाग म्हणा, उधळी म्हणा, त्यावर काहीतरी उतारा असतो. आपल्या जिवाची असलेल्या बाईला मात्र कुणी माफ करत नाही.

खरं म्हणजे सुलतानबी खादाड नव्हती. जेवणावळीत लोक पोट तडीला लागेस्तोवर खायचे, तिथं ही पोट भरलं की ताटावर हात आडवा धरायची आणि मग कुणाच्या बापाचा आग्रह चालायचा नाही. तिला तिचं शरीर बोललेलं ऐकू यायचं, इतकंच. पाय दुखले की ती बसायची. ताप चढला की वाकळ अंथरून सरळ आडवी व्हायची. बांगड्या भरायला गावोगाव फिरून आली की गरम पाण्यानं पाय धुवायची आणि पोटऱ्यांना करडीचं तेल चोळायची. दुपारी डोळा लागेल तेवढा लावायची आणि आपली आपण उठायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिच्या सख्ख्या बहिणीला पायात काटा मोडला तरी चार दिवस पत्ता लागायचा नाही आणि हिला भाजीत तेल जुनं पडलं तरी पोटात कळायचं. जन्मतःच तशी.

घरात असं जपणारा आणखी एकजण होता. तिचा धाकटा दीर शब्बीर. पोल्ट्रीचा टेम्पो चालवायचा. त्याला शिंक आली तरी इंजेक्शन लागायचं. सकाळी भिजवलेले बदाम, दोन अंडी, म्हशीचं धारोष्ण दूध. आरशासमोर उभा राहून दंड बघायचा. पण त्याला कुणी आपल्या जिवाचा म्हटलं नाही. अम्मा शेजारणीला कौतुकानं सांगायची, "माझा शब्बीर तब्येतीला लई जपतो." तोच शब्द, तेच जपणं. सुलतानबीच्या डोक्यात तेव्हाच एक निखारा पडला आणि तो पुढं विझलाच नाही.

मग शब्बीरचं लग्न झालं आणि खुटबावहून आसिया आली.

आसिया सुलतानबीच्या अगदी उलट मातीची. तिचं सगळं ध्यान बाहेर. कुणाचा चेहरा उतरलाय, कुणाचं पोर किरकिरतंय, कुणाच्या चहात साखर कमी पडली, हे तिला न सांगता कळायचं. भिंतीपलीकडची सिंधूबाई बाळंत झाली तेव्हा तिची जाऊबाई यायच्या आधी आसिया खीर घेऊन हजर. गनीला दारातून आत येताना बघूनच ती ओळखायची की आज बाजारात कुणाशी तरी वाजलंय. सगळ्यांना वाढून झालं की ती भांडी घासायला बसायची आणि घासून झाल्यावर तिच्या लक्षात यायचं की आपण जेवलोच नाही. मग हसायची. हसून पाणी प्यायची.

गल्लीनं तिला डोक्यावर घेतलं. "पोरगी बघा, पायाला भिंगरी लावलीय." अम्मा तर दर वाक्याला तुलना करायची. आसिया तापातसुद्धा उभी राहते. आसियाला आजारपण ठाऊक नाही. आसियाला भूकच लागत नाही. शेवटचं तर अम्मा असं सांगायची की जणू ही एखादी विद्या आहे.

सुलतानबीला याचा राग यायचा, पण आसियाचा नाही. आसियाचा राग करणं अवघड होतं. दुपारी सुलतानबी पडलेली असली की ती पाय न वाजवता ये-जा करायची, गल्लीतल्या पोरांना बाहेर काढायची. "भाभीला झोपू द्या," म्हणायची. त्या बोलण्यात टोमणा नसायचा. आसियाची लेक शायना झाली तेव्हा ती बाळंतिणीच्या खाटेवरून लवकरच उठून कामाला लागली. सुलतानबीनं तिला हाताला धरून परत निजवलं, तर सुलतानबीची पाठ वळताच ती पुन्हा उठली.

शायना शाळेत जायला लागली तेव्हाची, अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. ईद तोंडावर आली होती. मणियाराच्या घरात ईदेला सगळ्यांच्या हातात नवा चुडा, ही रीत. सुलतानबीनं गावभरच्या बायकांचे हात भरले आणि शेवटी आसियाला समोर बसवलं. एरवी आसियाच्या हातात बांगडी चढवायची म्हणजे अंगठा मुडपून, तळवा दाबून, जराशी कळ सोसून. त्या दिवशी बांगडी घसरतच मनगटावर गेली. सुलतानबीनं तिचा हात उलटा केला. तळव्याला रंग नव्हता. नखं खडूसारखी पांढरी. तिनं अंगठ्यानं एक नख दाबलं आणि सोडलं. दाबायच्या आधी जसं होतं तसंच ते नंतर दिसलं.

"हात का गार पडलाय तुझा?"

"भांडी घासून आलेय भाभी."

"कवापासनं?"

"काय कवापासनं? तुम्ही पण ना. भरा लवकर, शीरखुर्म्याचं दूध चुलीवर हाय."

सुलतानबीनं चुडा भरला, पण त्या दिवसापासून ती आसियावर नजर ठेवायला लागली. आणि बघायला लागल्यावर तिला जे दिसलं त्यानं तिचं डोकं फिरलं. पाण्याचा हंडा उतरवताना आसिया भिंत धरून उभी राहायची, धापा टाकायची, आणि कुणी बघतंय असं वाटलं की पदर नीट करत असल्याचं सोंग करायची. एकदा सुलतानबी अचानक कोठीच्या खोलीत गेली तर आसिया तांदळाच्या पोत्याशी उभी, तोंडात कच्चे तांदूळ. दुसऱ्या वेळी शायना रडत आली, की अम्मीनं माझी पाटीवरची पेन्सिल खाल्ली. सगळे हसले. सुलतानबी हसली नाही. ती न्हाणीच्या मागं गेली, तिथं दोरीवर धुतलेले फडके वाळत होते. गेल्या आठवड्यात पण होते. त्याच्या मागल्या आठवड्यात पण.

तिनं आसियाला न्हाणीतच गाठलं.

"किती दिस जातंय हे?"

आसियानं मान खाली घातली. "महिन्यातलं निम्मं म्हणा."

"आन् कधीपासनं?"

"शायना झाली तवापासनं थोडं थोडं. औंदा जास्त हाय. बायांना आसतंच की भाभी."

"बायांना आसतं म्हणून बाया पेन्सिली खात न्हाईत. शब्बीरला सांगितलंस?"

"हे काय पुरुषाला सांगायचं व्हय?"

सुलतानबी तिथून तडक अम्मापुढं गेली. अम्मा पान कुटत होती. सगळं ऐकून घेतलं आणि खलातला बत्ता न थांबवता म्हणाली, "मी आठ बाळंतपणं काढली. असली रडगाणी गायली न्हाईत. सगळं अंगावर काढलं."

"तुमच्या आठांतली किती जगली अम्मा?"

बत्ता थांबला. असा प्रश्न त्या घरात कुणी विचारलेला नव्हता. अम्मा इतकंच म्हणाली, "तू आपल्या जिवाची हायेस. तुला दुसऱ्याचा जीव काय ठाव."

मग सुलतानबीनं नवऱ्याला सांगितलं. गनी सरळ माणूस, पण लाजाळू. त्याचे कान लाल झाले. "धाकट्याच्या बायकोचं असलं मी कसं बोलू? तूच सांग शब्बीरला." तिनं शब्बीरला सांगितलं. शब्बीर म्हणाला, अशक्तपणा असेल, सलाईन लावून आणतो. आणि खरंच घेऊन गेला. गावातल्या दवाखान्यात आसिया सलाईन लावून तासभर पडली, बाटली संपली तशी उठली आणि घरी येऊन कणीक मळायला बसली. घर समाधानानं म्हणालं, झालं ना आता. आसियाही म्हणाली, बरं वाटतंय. बरं वाटत नव्हतं हे फक्त सुलतानबीला दिसत होतं आणि दिसूनही काही होत नव्हतं. त्या उन्हाळ्यात ती भांडी आपटायला लागली, पोरांवर खेकसायला लागली. लोक म्हणाले, धाकटीचं कौतुक थोरलीला सहन होत नाही.

चैत्रात भांडगावातल्या एका बागायतदाराच्या घरी लग्न निघालं. नवरीचा चुडा आणि घरातल्या, भावकीतल्या बायकांचे हात भरायचे, म्हणजे दिवसभराचं काम. गनीला बाजाराला जायचं होतं म्हणून दोघी जावा निघाल्या. माणशी भाडं घेणाऱ्या वडापच्या जीपनं हायवेला उतरून वस्तीपर्यंत चालत जायचं होतं. बांगड्यांची पेटी आसियानं उतरल्याबरोबर डोक्यावर घेतली.

"खाली ठिव. मी घेते."

"तुमचं पाय दुखत्यात भाभी."

"माझं पाय माझं मी बघीन. ठिव म्हणते ना."

आसियानं ठेवली नाही. हसत पुढं चालू लागली. उन्हानं डांबर मऊ झालं होतं. सुलतानबी मागून शिव्या देत चालत होती आणि पुढची मान काही वळत नव्हती.

लग्नघराच्या अंगणात मांडव पडला होता, बायका बसल्या होत्या, कुणीतरी "मणियारीण आली" असं ओरडलं. आसियानं पेटी उतरवायला दोन्ही हात वर नेले आणि ती उभीच्या उभी खाली गेली. पेटी आधी पडली, ती तिच्यावर. हिरव्या काचेचा खळकन आवाज झाला. नवरीची आजी पुढं आली. म्हातारीचा हात छातीवर गेला होता. "वाढल्या," ती घाईघाईनं म्हणाली, "बांगड्या वाढल्या म्हणा गं सगळ्या, शुभ कार्य हाय."

सुलतानबी गुडघ्यावर बसली होती. तिच्या मांडीवर आसियाचं डोकं होतं, कपाळावर काच लागून रक्त येत होतं, आणि ते रक्तसुद्धा पाण्यासारखं पातळ होतं.

"वाढल्या न्हाईत," ती म्हणाली. "फुटल्या. बाई मरायला टेकलीय. गाडी काढा कुणीतरी."

तिचा आवाज मोठा नव्हता, पण म्हातारी दोन पावलं मागं सरली. नवरीच्या बापानं स्वतः जीप काढली. माणूस भला होता. पाटसवरून त्यानं त्यांना दौंडला नेलं.

दौंडच्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होती, वयानं सुलतानबीहून लहान. तिनं आसियाची पापणी ओढून बघितली, पोट चाचपलं, रक्त तपासायला पाठवलं. तपासणीचा आकडा आला तेव्हा तिनं तो पुन्हा एकदा तपासायला लावला. मग बाहेर आली.

"रक्त चारवर आलंय. तुमच्या आमच्यात बारा असतं. पिशवीत गाठ आहे, चांगली नारळाएवढी. हे एका दिवसात होत नाही. घरात कुणी बघितलं नाही का?"

"मी बघितलं," सुलतानबी म्हणाली.

डॉक्टरीणबाईनं तिच्याकडं बघितलं. भरल्या अंगाची, तुकतुकीत चेहऱ्याची बाई. मग दारातून आत, खाटेवरच्या आसियाकडं. ती नजर सुलतानबीच्या वर्मी लागली. एकाच चुलीवरचं खाऊन एक अशी आणि एक तशी, असं ती नजर म्हणत होती. आणायला उशीर झाला हे खरं होतं. पण ज्यांनी उशीर केला ते कुणी तिथं नव्हते आणि सगळा जाब तिच्या तोंडाकडं बघून विचारला जात होता.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं. तोवर घरचे आले. रक्त चढवायचं होतं, रक्तपेढीतून जेवढं घ्यायचं तेवढं नातेवाइकांनी द्यायचं, गट कुठलाही चालेल, असं तिथल्या माणसानं सांगितलं. गनीनं दिलं. शब्बीर बाकावर बसला होता. त्याचे दंड शर्टाच्या बाहीत मावत नव्हते.

"तू ऊठ," सुलतानबी म्हणाली.

"भाभी, मला सुई बघितली की गरगरतं. आन् उद्या गाडी चालवायचीय."

"इंजेक्शन घेताना गरगरत न्हाई?"

"ते निराळं हाय. हे रगात जाणार. अंगातली ताकद जाती."

सुलतानबीला वाटलं, पायातली चप्पल काढावी. दवाखाना होता म्हणून तिनं काढली नाही. "तुझे बदाम भिजवत होती ती," ती म्हणाली. "तुझी अंडी उकडत होती. त्यातलं एक तरी तिनं खाल्लं का रे, बघितलंस कधी?" आणि स्वतः आत जाऊन आडवी झाली. परिचारिकेनं तपासून सांगितलं, तुमचं रक्त चांगलंय. रक्त देऊन बाहेर आल्यावर ती थेट दवाखान्याच्या दारातल्या टपरीवर गेली. दोन उकडलेली अंडी, पाव आणि चहा घेऊन बाकावर बसली आणि सावकाश, चावून चावून खायला लागली.

अम्मा समोरच बसली होती. तिच्या डोळ्यांना धार लागली होती. "जाऊ मरणाच्या दारात पडलीय आन् हिच्या घशाखाली घास उतरतोय."

सुलतानबीनं तोंडातला घास पूर्ण गिळला. "खाते म्हणूनच द्यायला रगत हाय, अम्मा. तुमच्या लाडकीला आज न खाणाऱ्याचं रगत मिळालं नसतं."

आसपासची माणसं वळून बघायला लागली. गनी म्हणाला, "गप की आता." ती गप झाली नाही. अंडं सोलत राहिली आणि बोलत राहिली. आठ वर्षांत जे जे दातांखाली धरलं होतं ते सगळं तिनं त्या बाकावर काढलं, आणि अम्मानं पदर तोंडावर ओढून घेतला.

रक्त चढलं, काही दिवसांनी शस्त्रक्रिया झाली, पिशवी काढली. आसिया वाचली. शुद्धीवर आल्यावर तिनं पहिलं काय विचारलं असेल, तर शायना जेवली का.

ती जरा बसती झाल्यावर एका दुपारी सुलतानबी तिच्याजवळ एकटी होती. आधी तिनं मोसंबी सोलून दिली. मग तिचा राहिलेला राग उफाळून आला. "कुणासाठी काढत होतीस अंगावर? सांग मला. कोण मेडल देणार होतं तुला? मी विचारलं तवा खोटं बोललीस. मेली असतीस आन् सगळ्यांनी तुझं गुणगान गात तुला मातीत घातली असती."

आसिया नेहमी हसायची. त्या दिवशी हसली नाही. तिच्या चेहऱ्यावर थोडा रंग आला होता आणि त्याच्याबरोबर बहुधा रागही आला होता. सुलतानबीनं तिला रागावलेली कधी बघितली नव्हती.

"भाभी, तुम्ही दुपारी झोपता तवा धुणं कोण धुतं?"

सुलतानबीनं हातातली मोसंबीची फोड खाली ठेवली.

"तुम्हाला ताप आला की तुम्ही निजता. तुमच्या वाटच्या भाकरी कोण थापतं? अम्मा थापती का शब्बीर? तुम्ही निजू शकता, कारण मी उभी ऱ्हाते. मी बी निजले असते तर घरानं काय खाल्लं असतं?"

"तू सांगायचं होतंस मला."

"काय सांगायचं? मला कळलं तर सांगणार ना. तुम्हाला वाटतं मी सगळं लपवलं. लपवलं बी. पण निम्मं मला ठावंच नव्हतं. शायनाचं डोकं दुखायच्या आधी मला कळतं. तुमचं पाय सुजल्यालं तुमच्या आधी मला दिसतं. माझ्या अंगाचं मला काय दिसत न्हाई. तिकडं माझं ध्यान जातच न्हाई. तुम्हाला ते कळायचं न्हाई. तुमचं ध्यान तिथंच बसलेलं आसतं."

इतकं बोलून ती थकली आणि तिनं डोळे मिटले. सुलतानबी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. तिला अम्माचा राग आला होता, शब्बीरचा आला होता, तो सोपा होता. हा राग कुठं ठेवावा ते तिला कळेना. पोरगी खरं बोलली होती आणि खरं बोलल्याबद्दल सुलतानबीला तिला झोडपावंसं वाटत होतं. व्हरांड्याच्या कठड्यावर तिनं तळहात आपटला, हाताला लागलं, ते तिला लगेच जाणवलं, आणि लगेच जाणवल्याचासुद्धा तिला राग आला.

घरी आणल्यावर आसियाला महिना-दोन महिने वजन उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. भेटायला बायका येऊ लागल्या. येणारी प्रत्येक जण खाटेपाशी बसून तेच बोलायची. घरासाठी देह झिजवला पोरीनं. अशी सून मिळायला नशीब लागतं. सुलतानबीनं दोन दिवस ऐकून घेतलं. तिसरी टोळी आली तेव्हा ती दारात आडवी उभी राहिली.

"आत जाऊन तिची वाहवा करायची आसंल तर हितनंच माघारी फिरा. चार भाकरी थापून देणार आसाल तर या."

बायका गेल्या. जाताना जे बोलायचं ते बोलल्या. एकटी सिंधूबाई मागं राहिली, पदर खोचून चुलीपाशी बसली आणि आपल्या आणि यांच्या, दोन्ही घरांच्या भाकरी करून गेली. नंतरही ती महिनाभर येत राहिली.

घरातलं काम आता सुलतानबीच्या अंगावर पडलं. तिनं ते केलं, पण तिच्या पद्धतीनं. पाणी भरायला तिनं शब्बीरला लावलं. शब्बीर नाही म्हणाला, तर तिनं त्याचं दूध बंद केलं. म्हैस तिच्या माहेरची होती. मग शब्बीर हंडा घेऊन हापशावर गेला. गल्लीतली पोरं हसली, त्यानं एकाच्या थोबाडीत दिली, पण पाणी आलं. धुणं गनीनं पिळून दिलं, दार लावून. आणि दुपारी सगळं टाकून सुलतानबी झोपायची. पाठ टेकली की तिला आसियाचं बोलणं आठवायचं. तरी ती झोपायची.

अम्माला हे सगळं बघवत नव्हतं. तिचे मुलगे हंडे वाहतायत, कपडे पिळतायत. ती बोलायची बंद झाली. तिकडं आसियालाही खाटेवर पडून राहणं जमत नव्हतं. एका सकाळी सुलतानबी बाजारातून आली तर आसिया परातीशी बसलेली, कोपरापर्यंत पिठात, कपाळावर घाम.

"शायनाला भूक लागली होती," ती म्हणाली. "चारच पोळ्या."

सुलतानबीनं परात उचलली आणि दारातून अंगणात भिरकावली. पितळी परात दगडावर आदळून गरगरत गेली. कुत्री धावली. शायना रडायला लागली. अम्मा महिन्याभरानं पहिल्यांदा बोलली. "अन्न फेकलंस. अल्लाच्या दाण्याला लाथ मारलीस. मला या बाईच्या चुलीवरचं खायचं न्हाई. आजपासनं चूल निराळी करा."

गनी मधे पडला. "घर फोडलंस तू."

"घर न्हाई फुटत चुलीनं," सुलतानबी म्हणाली. "करा निराळी."

चूल निराळी झाली. मधे भिंत आली. अम्मा शब्बीरकडं राहिली आणि जे व्हायचं होतं तेच झालं, आसिया बरी झाली न झाली तोच पुन्हा उभी राहिली, पाणी, भाकरी, गल्लीतली बाळंतपणं. गाठ गेली होती, रक्त भरलं होतं, पण बाई तीच होती. सुलतानबीच्या लक्षात आलं की दवाखाना पोटातलं काढतो, स्वभावातलं काढत नाही. तेव्हापासून रोज दुपारी, स्वतः जेवायच्या आधी, ती ताट वाढून भिंतीपलीकडं जायची आणि आसियासमोर ठेवून उभी राहायची. बोलायची नाही. आसिया जेवून होईपर्यंत हलायची नाही. अम्मा तोंड फिरवून बसायची. आसिया आधी वैतागायची, मग सवय झाली. स्वतः झोपायच्या वेळेतला अर्धा वेळ सुलतानबीचा तिथं जायचा. तो तिनं कुणाला बोलून दाखवला नाही, पण त्याचा राग तिच्या तोंडावर रोज असायचा.

शायना मोठी झाली. दोन हजार अकरा साली तिला बघायला दौंडहून पाव्हणे आले. मुलगा रेल्वेत होता. अम्माची नजर आता गेली होती, पण जीभ शाबूत होती. मुलाच्या आईनं विचारलं, पोरीचा स्वभाव कसा. अम्मा म्हणाली, "आईवर गेलीय. स्वतःकडं कधी बघायची न्हाई. उपाशी ऱ्हाईल पण घर उभं करील."

सुलतानबी चहाचा ट्रे घेऊन आली होती. तो तिनं खाली ठेवला.

"असं काय न्हाई," ती म्हणाली. "भूक लागली की ती जेवती. ताप आला की निजती. अंगावर काय काढणार न्हाई. मी तिला तसं शिकवलंय. चालत आसंल तर चहा घ्या."

शायना पदराखाली मान घालून बसली होती. मुलाच्या आईनं कप उचलला, एक घोट घेतला, ठेवला. कळवतो म्हणाले आणि गेले. कळवलं नाही.

आसिया त्यानंतर सुलतानबीकडं बघेना. चौथ्या-पाचव्या दिवशी सुलतानबी ताट घेऊन गेली तेव्हा ती दारातच आडवी आली. "माझ्या पोरीचं लगीन मोडलं तुम्ही भाभी. रेल्वेतला मुलगा होता. तोंड बंद ठेवलं आसतं तर काय बिघडत होतं?"

"त्या घरात गेली आसती तर दहा वर्षांनी मीच तिला जीपमधी घालून आणली आसती."

"तुम्हाला काय म्हाईत?"

"मला ठावं हाय."

"तुम्हाला सगळंच ठावं आसतं." आसियाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाज चढला होता. "आयुष्यभर माझ्या उरावर बसलाय तुम्ही. खा, नीज, बस. मला नको तुमचं ताट. न्या माघारी."

सुलतानबीनं ताट नेलं नाही. दोघी दारात उभ्या, मधे ताट, भाकरीवर माशी बसायला लागली. आतून शायना आली. तिनं एकीकडं बघितलं, दुसरीकडं बघितलं आणि सुलतानबीच्या हातातलं ताट काढून घेतलं.

"तुम्ही भांडा," ती म्हणाली. "मला भूक लागलीय."

आणि ती उंबऱ्यावर बसून जेवायला लागली. आसियानं लेकीच्या ताटावरची माशी हाकलली. सुलतानबी वळली आणि दुसरं ताट वाढायला आपल्या चुलीकडं गेली. पावलं आपटत.